मीठविक्याचा रविवार

दापोडी
१२ जानेवारी २०२६

चि. रश्मी हिस,

आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. प्रभूच्या कृपेने गुडघे आणि डावा कान सोडून बाकी सगळं ठीक.

काल उपासना सुटल्यावर दुर्गाबाईंनी मला चर्चच्या फाटकापाशी गाठलं आणि हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मला वाटलं, गायनमंडळाबद्दल असेल. तर म्हणाल्या की तुमच्या दादांच्या ‘मीठविक्या राजपुत्रा’वर सिनेमा निघतोय आणि रश्मीनं परवानगीही दिली. चार माणसांत मला सगळं माहीत असल्यासारखं हसावं लागलं. सख्ख्या आत्याला ही बातमी दुर्गाबाईंकडून कळावी? म्हणजे मला कळूच नये असा बेत होता ना?

कोण हा मिहिर गद्रे? सांगवीचा आहे म्हणे. अगं, ओहोळांच्या गोष्टीशी गद्र्यांचा काय संबंध? आपल्या मंडळीबाहेर ती कुणाला ठाऊक तरी आहे का? हल्ली आपल्या लोकांनी नाताळची चांदणी लावली तरी शेजारचे विचारतात की कशासाठी, आणि हा आपणहून येशूच्या गोष्टीवर सिनेमा काढायला निघाला. मला तर काही तरी शिजतंय असाच वास येतो. एक तर राजपुत्राच्या हातात तलवार देतील, नाहीतर शेवट कापतील. दुर्गाबाईंनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. काळी विहीर, तिच्यावर धोंडा, खाली ‘लवकरच’.

तुझ्या बापानं कारखान्याच्या टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत, जॉबकार्डांच्या पाठीवर ही गोष्ट लिहिली आहे. सापानं चव चोरलेली नगरी. तिथं मिठाचा घडलेला राजपुत्र गाढव घेऊन येतो आणि दारोदार फुकट मीठ वाटतो. फुकट देतो म्हणजे नक्कीच काळंबेरं असणार म्हणून लोक त्याला विहिरीत ढकलतात, वर धोंडा ठेवतात, आणि तो विरघळून जातो. हा झाला आपला ‘शुक्रवार’. उत्तम शुक्रवारी संध्याकाळी देवळात वाचायचा, पुस्तिका हवी त्यानं घरी न्यायची. खाली दादानं मुद्दाम ‘पूर्ण झाले’ छापलं, कारण शुक्रवारी माणसाला संपलं असंच वाटलं पाहिजे असं तो म्हणायचा. ‘रविवार’ ही दुसरी पुस्तिका. ती ईस्टरच्या पहाटे फाटकाशी जो येईल त्याच्या हातात द्यायची आणि वाचून झाली की परत घ्यायची. त्या सगळ्या माझ्या ट्रंकेत कुलपात आहेत. त्या रविवाराला कुणी धक्का लावला तर मी गप्प बसणार नाही, धक्का लावणारी माझ्या भावाची मुलगी असली तरी.

फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही आणि तुझ्या त्या व्हॉट्सॲपवर माझा भरवसा नाही. लोभ उरला असेल तर पत्र पाठव.

तुझी,
नीला आत्या


चाकण
२० जानेवारी २०२६

ती. आत्यास,

रश्मीचा सप्रेम सलाम. तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि चहा तसाच गार झाला.

चुकलं माझं, आधी तुला सांगायला हवं होतं. पण खरं सांगू? तू ऐकण्याआधीच नाही म्हणाली असतीस, म्हणून म्हटलं आधी कागद पक्के करू आणि मग येऊन पायावर डोकं ठेवू. दुर्गाबाई माझ्याहून चपळ निघाल्या.

मिहिर तिशीचा आहे. डिसेंबरात आमच्या कंपनीच्या गेटवर आला, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी. चाकणच्या चौकात दोन तास अडकला होता बिचारा, शर्टाची घडी राहिली नव्हती. पिशवीतून त्यानं बाबांची पुस्तिका काढली. घरातलीच आहे, म्हणाला, लहानपणापासून. आणि तिथंच रस्त्यावर उभं राहून त्यानं राजपुत्राच्या हाळीचं अख्खं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. आत्या, मला बाबांचा आवाज आठवला गं. मी रडले, सिक्युरिटीवाला बघत होता तरी रडले.

पण मी क्वालिटीत काम करते, रडून सही करत नाही. करारात मी अट घालून घेतली आहे की पुस्तिकेतला शेवट एका अक्षरानंही बदलायचा नाही. त्यानं पेन मागून घेतलं आणि त्या ओळीपुढे वेगळी सही केली. वर म्हणाला, की शेवट बदलायला सांगणारे दोन निर्माते त्यानं सोडले आहेत. आता आणखी काय हवं? माणसाच्या आडनावावरून तू त्याला नापास करतेस, हे बाबांना आवडलं असतं का?

गुडघ्यांना तेल लाव आणि दुर्गाबाईंना माझा सलाम सांगू नकोस. तुझी माया अशीच टोचरी राहू दे.

तुझी,
रश्मी


दापोडी
२ फेब्रुवारी २०२६

चि. रश्मी हिस,

आशीर्वाद आहेत, पण आज मन थाऱ्यावर नाही.

तुझ्या त्या अक्षराचीही तडजोड न करणाऱ्या मुलाचा पराक्रम ऐक. आपल्या गायनमंडळातली भाग्यश्री तुला आठवत असेल, उंच सुरात गाणारी. गर्दीच्या प्रसंगासाठी तिला नगरीतली बाई म्हणून बोलावलं होतं. तुमच्याच चाकणच्या पुढे, जुन्या दगडखाणीत विहीर उभी केली आहे. तिथं तिनं चौकशी केली की बाई, पहाटेचा प्रसंग कधी आहे, आम्हाला कोणत्या साड्या नेसायच्या? तर कपडेवाल्या बाईनं यादी पाहून सांगितलं की पहाट वगैरे काही नाही. विहिरीवर धोंडा ठेवतात, ती बंद होते आणि सिनेमा संपतो. शेवटचा प्रसंग पंचवीस मार्चला घ्यायचा आहे.

संपतो! म्हणजे आमचा राजपुत्र मेला आणि मेलेलाच राहिला. जगाला दाखवायचं की बघा, यांचा देव विहिरीत विरघळला. आणि तू म्हणे त्याच्या वेगळ्या सहीवर खूश! तुझ्या डोळ्यांत इतकी धूळ गेली की तुला करार दिसला आणि कावा दिसला नाही.

मी रात्रंदिवस एकच विचार करते आहे. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या नावानं मागे उरलंय काय, तर ही गोष्ट. ती अर्धी कापून हजारो लोकांना दाखवली, की पुढे कुणी विचारणारही नाही की खरी कशी होती. मी सत्तरीची. आणखी किती ईस्टर फाटकाशी उभी राहणार? माझ्यामागे लोकांना सिनेमातलाच शेवट आठवेल.

आजच्या आज त्याला जाब विचार. आणि घरातली पुस्तिका म्हणजे कुठली, तेही विचार. दिली कुणी? का उचलली?

तुझी,
नीला आत्या


चाकण
१९ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,

रश्मीचा सलाम. काल राखेच्या बुधवारी उपवास केलास का? औषधं चालू असताना करू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलेलं तू ऐकलं नसशीलच, कान डावा असो की उजवा.

मिहिरला जाब विचारला. तुझ्यापेक्षा जास्त चिडून विचारला. दिलेला शब्द मोडलास, माझ्या बापाची गोष्ट मारलीस, असं सगळं बोलले. तर तो म्हणाला, की मी शेवट जसाच्या तसा ठेवला आहे, हवं तर ताडून बघा. आणि पुस्तिका माझ्या हातात दिली.

आत्या, ती ‘शुक्रवार’ आहे. त्याच्याकडे तेवढीच आहे. शेवटच्या पानावर ‘पूर्ण झाले’, आणि कुठंही भाग पहिला असं लिहिलेलं नाही. रविवार नावाची काही गोष्ट आहे हेच त्या माणसाला ठाऊक नाही! लहानपणापासून तो ही गोष्ट विहिरीपाशी संपते असं धरून चालला आहे.

कंपनीत मी आधी हातात नमुना घेते आणि मग कागद बघते. इथं कागदच बघत बसले. पण मला सुचणार तरी कसं? आपल्या घरात शुक्रवार झाला की रविवार येतोच. नुसता शुक्रवार घेऊन कुणी आयुष्य काढत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्याला सांगितलं की पुढे आहे. तर खुर्चीत बसला आणि पुस्तिकेचं शेवटचं पान पुन्हा उघडून बघायला लागला.

आता सगळं तुझ्या हातात आहे. माझ्याकडे रविवार नाही, मंडळीत कुणाकडेच नाही. पाचशे लोकांसमोर मी वाचलाय, पण ओळन् ओळ पाठ नाही आणि अंदाजानं सांगितलं तर बाबांचं राहणार नाही. पंचवीस तारखेच्या आधी एक प्रत दे. फक्त एकच.

तुझी,
रश्मी


दापोडी
२६ फेब्रुवारी २०२६

चि. रश्मी हिस,

अनेक आशीर्वाद.

नाही.

इतकी भोळी कशी गं तू? सांगवीत राहणारा, सिनेमे काढणारा माणूस, आणि त्याला ईस्टर माहीत नाही? येशू तिसऱ्या दिवशी मरणातून उठला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. मला तर हा बनाव वाटतो. आधी अर्धी गोष्ट घ्यायची, आपण आरडाओरडा केला की माहीतच नव्हतं म्हणायचं, आणि उरलेली अर्धीही आपल्याच हातानं द्यायला लावायची. मग तिचं काय करतील ते आपण कुठं बघायला जाणार?

आणि नियम माझा नाही, तुझ्या बापाचा आहे. त्यानं मला माझ्या तोंडावर सांगितलंय की यापुढे रविवार कुणाच्या दारी न्यायचा नाही, ज्याला हवा तो फाटकाशी येईल. मी तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही. पाळकसाहेबांची बदली झाली, त्यांनी आठवण म्हणून एक प्रत मागितली, त्यांनाही दिली नाही. तुझ्या गद्र्याला हवी तर पाच एप्रिलला, ईस्टरच्या पहाटे पाच वाजता आंघोळ करून यावं. पंचवीस मार्चला काय आहे ते त्याचं त्यानं बघावं.

उपवास केला. काही झालं नाही, थोडी चक्कर आली.

तुझी,
नीला आत्या


सांगवी
५ मार्च २०२६

श्रीमती नीलाताई ओहोळ यांस,

सा. न. वि. वि. आपली ओळख नाही. रश्मीताईंकडून पत्ता घेतला आणि पत्रावर तारीख, गाव नसेल तर आपण उत्तर देत नाही असं त्यांनी बजावल्यामुळे ते आधी लिहिलं.

आपण माझ्यावर विश्वास ठेवत नाही, याचा मला राग नाही. पुस्तिका कुठून आली असं आपण विचारलंत. घरात आजोबांच्या कपाटात असायची एवढंच मला माहीत होतं. माझे आजोबा प्रभाकर गद्रे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. लहानपणी मी आजारी पडलो की ते ही गोष्ट वाचायचे. ‘पूर्ण झाले’ म्हणून पुस्तिका मिटली की मी विचारायचो, मग तो परत येतो का? ते नाही म्हणायचे नाहीत आणि हो पण म्हणायचे नाहीत. उठून गॅलरीत जायचे. येशूची गोष्ट मला ठाऊक आहे, ताई. पण प्रत्येक गोष्टीचा शेवट तसाच होत असेल असं मी धरलं नव्हतं. मला वाटलं, लिहिणाऱ्याला एवढंच खरं वाटलं असेल.

दुसरा भाग आहे हे मी परवा आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, ही पुस्तिका मला कोंडीरामनं दिली, आम्ही एकाच टूलरूममध्ये होतो. त्यानंतर ते जेवले नाहीत. माझी आई अरुंधती खूप विचारते आहे, पण ते काही सांगत नाहीत.

मी आपल्याकडे पुस्तिका मागत नाही. नियम असेल तर तो असू द्या. आपण फक्त एका ओळीत कळवा, तो परत येतो का? येत असेल तर मी पंचवीस तारखेला चित्रीकरण करणार नाही. मग सिनेमा रखडेल, कदाचित बंदही पडेल. पण अर्धा मी लोकांना दाखवणार नाही.

आपल्या मनात माझ्याबद्दल लोभ असण्याचं कारण नाही, तरी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मिहिर गद्रे


चाकण
१२ मार्च २०२६

ती. आत्यास,

सलाम. मिहिरनं तुला पत्र लिहून आठवडा झाला आणि तू उत्तर दिलं नाहीस. सेटवरच्या लोकांना त्यानं काम थांबवलंय म्हणून कळवलं आहे.

मला आज गोड बोलता येणार नाही. बाबांची गोष्ट कोणी कापली असेल तर ती मिहिरनं नाही. ती तूच कुलपात ठेवली आहेस. राग आला तर येऊ दे, मलाही आला आहे.

तुझीच,
रश्मी


दापोडी
२० मार्च २०२६

चि. रश्मी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या. ते असो.

आधी कामाचं सांगते. रविवार मिहिरकडे आहे. पंचवीस तारखेला काम सुरू कर म्हणून त्याला सांगितलंय. आता कसं झालं ते ऐक.

परवा बुधवारी मी बसनं सांगवीला गेले. पाडवा दुसऱ्या दिवशी, त्यामुळे रस्ताभर काठ्या आणि साखरेच्या गाठी, चालायला जागा नाही. न कळवता गेले, मुद्दाम. म्हटलं, म्हाताऱ्या आजोबांची कहाणी खरी की पटकथा, ते बघावं. पिशवीत एक रविवार घातला होता. का, ते विचारू नकोस.

दार अरुंधतीनं उघडलं. मी नाव सांगितलं तशी ती बाजूला झाली आणि आतून तो म्हातारा भिंतीला धरत बाहेर आला. कोंडीरामची बहीण ना, म्हणाला. माझ्या चांगल्या कानाशी खुर्ची ओढून बसला. मिहिर कोपऱ्यात उभा होता, त्याच्याकडे मी बघितलंही नाही.

मग तो बोलायला लागला. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. गुरुवारी शिफ्टमध्ये दादानं त्याला शुक्रवार दिला. त्यानं घरी नेऊन वाचला, रडला, पण हे कुणाला सांगायचं? ईस्टरच्या रविवारी सकाळी सातच्या सुमाराला दादा त्याच्या दारात उभा. पांढरा शर्ट, ओले केस, हाका मारतोय, प्रभाकर आहेस का घरात? गॅलऱ्यांतून शेजारी बघत होते. प्रभाकरला वाटलं, आता हा उपदेश करणार, बाट म्हणणार, चाळभर बोभाटा होणार. त्यानं बायकोला पुढे केलं आणि ते घरात नाहीत असं सांगायला लावलं. स्वतः पडद्यामागे उभा होता. दादा बरं म्हणाला आणि गेला. पुढची पंधरा वर्षं दोघं एका डब्यात जेवले, पण त्या सकाळबद्दल एक शब्द नाही. बायको नंतर म्हणाली होती, की त्यांच्या हातात काही तरी गुंडाळी होती.

रश्मी, त्या सकाळी मी फाटकाशी होते. पुस्तिका गोळा करत होते. दादा ईस्टरचा शिरा न खाता निघाला, तर मी विचारलं कुठे? एकाला द्यायचं राहिलंय म्हणाला. तासाभरानं परत आला, माझ्या हातात रविवार ठेवला आणि म्हणाला, यापुढे हा कुणाच्या दारी न्यायचा नाही, ज्याला हवा तो येईल. मी मान डोलावली आणि तेव्हापासून ते वाक्य शास्त्रासारखं सांभाळलं. त्याचं तोंड बघितलं असतं तर मला कळलं असतं. माझा भाऊ दुखावून आला होता गं, आणि मी त्याच्या दुःखाला कुलूप लावून एकोणचाळीस वर्षं किल्ली कमरेला मिरवली. पाळकसाहेबांना नाही म्हटलं, तुला नाही म्हटलं. सगळ्यांवर संशय घेतला, एकदा दादाला विचारावं असं मात्र मनात आलं नाही.

मी पिशवीतून पुस्तिका काढली आणि वाचायला लागले. ना ईस्टर, ना पहाट. दुपारचे चार वाजले होते, अरुंधतीनं चहा ठेवला होता. तुला आठवतं ना रविवार कसा सुरू होतो? तिसऱ्या दिवशी धोंडा सरकतो आणि राजपुत्र विहिरीतून वर येतो. पण तो राजवाड्यात जात नाही. ज्या घड्याळजीनं पहिल्यांदा त्याच्या तोंडावर दार लावलं होतं, त्याच्याच दाराशी जातो आणि हाक मारतो, आहेस का घरात?

मी तिथवर वाचलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते. मला वाटलं, डुलकी लागली. तर तसाच, मिटल्या डोळ्यांनी, मोठ्यानं म्हणाला, आहे रे कोंडीराम, घरातच आहे.

मला पुढे वाचवेना. मिहिर आला, त्यानं माझ्या हातातली पुस्तिका धरली, आणि मी सोडली. उरलेला रविवार त्यानं आजोबांना वाचून दाखवला.

तुझी,
नीला आत्या